युलिया तिमोशेन्को : गॅस, सत्ता आणि तुरुंग

११ डिसेंबर २००७. कीव्हमध्ये व्हेर्खोव्हना रादा, म्हणजे युक्रेनच्या संसदेत पंतप्रधानपदासाठी मतदान सुरू होतं. ४५० सदस्यांच्या सभागृहात जिंकायला २२६ मतं लागत होती. निकालाच्या फलकावर आकडा उमटला, २२५. एका मतानं युलिया तिमोशेन्को यांचं पंतप्रधानपद हुकलं होतं. मतदान यंत्रणेत गडबड झाल्याचा आरोप त्यांच्या आघाडीनं केला. आठवडाभरानं, १८ डिसेंबरला, एकेका सदस्याचं नाव पुकारून पुन्हा मतदान घेतलं गेलं. या वेळी २२६ मतं पडली. लागत होती तेवढीच, एकही जास्त नाही.

एवढ्याशा बहुमतावर उभं राहिलेलं ते सरकार दोन वर्षांहून अधिक काळ टिकलं. त्या काळात जगभरची मंदी आली, चलनाची किंमत कोसळली, ऐन थंडीत रशियानं गॅस तोडला, आणि राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांच्यातलं भांडण रोज टीव्हीवर दिसत राहिलं. मार्च २०१० मध्ये तिमोशेन्को यांचं सरकार पडलं. त्यानंतर १९ महिन्यांनी एका न्यायालयानं त्यांना सात वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. गुन्हा काय, तर पंतप्रधान असताना त्यांनी रशियाशी केलेला गॅसचा करार.

सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या युक्रेनची पहिली तीन दशकं समजून घ्यायची असतील, तर या एका बाईंची कारकीर्द पुरेशी आहे. उद्योजक, खासदार, मंत्री, आंदोलक, दोनदा पंतप्रधान, कैदी आणि पुन्हा खासदार अशा सगळ्या भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या. यातल्या जवळजवळ प्रत्येक वळणावर एक गोष्ट हजर होती. रशियातून युक्रेनमार्गे युरोपकडे वाहणारा नैसर्गिक वायू.

निप्रोपेत्रोव्स्कची मुलगी

युलिया यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९६० रोजी निप्रोपेत्रोव्स्क शहरात झाला. आज त्या शहराचं नाव निप्रो आहे. त्या अगदी लहान असताना वडील घर सोडून गेले आणि आईनं एकटीनं त्यांना वाढवलं. १९७९ मध्ये ओलेक्सांद्र तिमोशेन्को यांच्याशी त्यांचं लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगी झाली. १९८४ मध्ये अर्थशास्त्राची पदवी घेऊन त्या शहरातल्याच एका यंत्रनिर्मिती कारखान्यात अभियंता-अर्थतज्ज्ञ म्हणून नोकरीला लागल्या.

हे शहर साधं नव्हतं. तिथल्या युझमाश कारखान्यात सोव्हिएत संघाची क्षेपणास्त्रं तयार होत, म्हणून १९८७ पर्यंत परदेशी माणसाला तिथं पाऊल ठेवायला बंदी होती. सोव्हिएत नेते लिओनिद ब्रेझनेव्ह याच परिसरातून वर आले. ‘निप्रोपेत्रोव्स्क गट’ हा सोव्हिएत राजकारणातला मातब्बर गट होता. देश स्वतंत्र झाल्यावरही त्या शहराचं वजन उतरलं नाही. १९९४ ते २००५ अशी दहा वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेले लिओनिद कुचमा युझमाशचेच माजी संचालक होते.

सोव्हिएत नेते मिखाइल गोर्बाचेव्ह यांनी छोट्या खासगी धंद्यांना परवानगी दिली, तेव्हा तिमोशेन्को दांपत्यानं उसने पैसे घेऊन व्हिडिओ कॅसेट भाड्यानं देण्याचा व्यवसाय सुरू केला. सासरे स्थानिक प्रशासनात अधिकारी होते, त्याचा उपयोग झाला. तिथून इंधनाच्या व्यापारापर्यंत जायला फार वर्षं लागली नाहीत.

पैसा नसलेल्या देशातला व्यापार

१९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या युक्रेनकडे पोलाद होतं, खाणी होत्या, सुपीक काळी जमीन होती. रोख पैसा मात्र नव्हता. १९९३ मध्ये महागाईचा दर दहा हजार टक्क्यांच्या वर गेला. कामगारांचे पगार आणि म्हाताऱ्यांची निवृत्तिवेतनं महिनोन्‌महिने थकली. कारखाने रशियाचा आणि तुर्कमेनिस्तानचा गॅस जाळत, पण बिल भरायला त्यांच्याकडे पैसे नसत. मग वस्तुविनिमय सुरू झाला. कारखान्यानं पोलादी नळ किंवा यंत्रं द्यायची, मधल्या कंपनीनं ती रशियात विकायची आणि बदल्यात गॅस आणायचा. या साखळीत कोणत्या वस्तूची किंमत किती धरली, कोणाचा नफा कुठं साठला, याचा हिशेब सामान्य नागरिकाच्या नजरेला कधी पडतच नसे. देशातली मोठमोठी संपत्ती याच अंधारात उभी राहिली.

१९९५ ते १९९७ या काळात तिमोशेन्को ‘युनायटेड एनर्जी सिस्टिम्स ऑफ युक्रेन’ या कंपनीच्या अध्यक्ष होत्या. रशियन गॅस आयात करणाऱ्या खासगी कंपन्यांत ही सर्वांत मोठी ठरली. मे १९९६ मध्ये पंतप्रधान झालेले पाव्लो लाझारेन्को निप्रोपेत्रोव्स्कचेच. त्यांच्या कारकिर्दीत या कंपनीची भरभराट झाली आणि तिमोशेन्को यांना ‘गॅस राजकन्या’ हे नाव चिकटलं. ते नाव पुढं त्यांनी कितीही नको म्हटलं तरी सुटलं नाही.

लाझारेन्को यांचं पुढं काय झालं, हेही सांगायला हवं. जुलै १९९७ मध्ये त्यांचं पद गेलं, डिसेंबर १९९८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांना अटक झाली, तिथून सुटून ते अमेरिकेत पोहोचले आणि २००४ मध्ये अमेरिकी न्यायालयानं त्यांना काळा पैसा पांढरा केल्याबद्दल दोषी ठरवलं. देशाचा माजी पंतप्रधान परदेशी तुरुंगात गेला. त्या खटल्यात तिमोशेन्को आरोपी नव्हत्या. पण लाझारेन्को यांच्याशी असलेल्या व्यवहारांचे प्रश्न विरोधकांनी त्यांना आयुष्यभर विचारले, आणि त्या काळातल्या त्यांच्या कंपनीचे सगळे हिशेब लोकांपुढं कधी मोकळेपणानं आले नाहीत.

राजकारणात त्यांचा प्रवेश डिसेंबर १९९६ मध्ये झाला. मध्य युक्रेनमधल्या बोब्रिनेत्स या ग्रामीण मतदारसंघातून त्या ९२ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन निवडून आल्या. १९९८ मध्ये पुन्हा खासदार झाल्या आणि संसदेच्या अर्थसंकल्प समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. रशियन बोलीत वाढलेल्या तिमोशेन्को राजकारणात शिरल्यावर नेटानं युक्रेनी शिकल्या आणि काही वर्षांत त्या भाषेतल्या फर्ड्या वक्त्या झाल्या. लाझारेन्को यांच्यापासून दूर होऊन १९९९ मध्ये त्यांनी ‘बात्किव्श्चिना’, म्हणजे ‘पितृभूमी’, हा स्वतःचा पक्ष काढला.

धंद्याची माहिती सरकारच्या कामी

डिसेंबर १९९९ मध्ये कुचमा यांनी राष्ट्रीय बँकेचे प्रमुख व्हिक्टर युश्चेन्को यांना पंतप्रधान नेमलं. १९९६ मध्ये देशाचं नवं चलन, ह्रिव्निया, याच युश्चेन्को यांच्या देखरेखीखाली आलं होतं. त्यांनी इंधन आणि ऊर्जा खात्याची जबाबदारी देऊन तिमोशेन्को यांना उपपंतप्रधान केलं.

एक वर्षापेक्षा थोडा अधिक असा हा काळ त्यांच्या कारकिर्दीतल्या सर्वांत भरीव कामाचा ठरला. ज्या वस्तुविनिमयातून त्यांचा उद्योग वाढला, तोच त्यांनी बंद करायला घेतला. वीज घेणाऱ्यानं रोख पैसे मोजायचे आणि ते सरकारच्या देखरेखीखालच्या खात्यांतून थेट उत्पादकापर्यंत जायचे, असा नियम आला. मधल्या दलालांची वाट अडली आणि तिजोरीत रोख रक्कम जमू लागली. थकलेली निवृत्तिवेतनं आणि पगार सरकारला चुकते करता आले. दलालीची प्रत्येक गल्ली ठाऊक असलेली व्यक्तीच ती बंद करू शकते, असं त्यांचे समर्थक तेव्हा म्हणत, आणि निदान या वर्षापुरतं ते खरं ठरलं.

यानं दुखावलेली माणसं सामान्य नव्हती. ऑगस्ट २००० मध्ये त्यांच्या पतींना अटक झाली. जानेवारी २००१ मध्ये कुचमा यांनी तिमोशेन्को यांना पदावरून काढलं आणि १३ फेब्रुवारीला त्यांनाही अटक केली. आरोप कंपनीच्या काळातल्या तस्करीचे आणि कर चुकवल्याचे होते. कीव्हच्या लुक्यानिव्स्का तुरुंगात सहा आठवडे काढून त्या सुटल्या.

त्याच महिन्यांत देश एका खुनानं हादरलेला होता. सत्ताधाऱ्यांवर निर्भीडपणे लिहिणारे पत्रकार गेओर्गी गोंगाद्झे सप्टेंबर २००० मध्ये बेपत्ता झाले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचं शिर नसलेलं प्रेत सापडलं. कुचमा यांचा आवाज असल्याचं सांगितल्या गेलेल्या गुप्त ध्वनिफिती बाहेर आल्या, आणि ‘कुचमाविना युक्रेन’ अशी घोषणा देत लोक रस्त्यावर उतरले. तुरुंगात गेलेली गॅस राजकन्या बाहेर आली ती या आंदोलनाची नेता म्हणून. डोक्याभोवती मुकुटासारखी गुंफलेली सोनेरी वेणी पुढच्या काळात त्यांची ओळख बनली. युक्रेनी खेड्यांतल्या बायकांची ती जुनी केशरचना होती.

नारिंगी हिवाळा

२००४ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. एका बाजूला कुचमा यांचे पंतप्रधान व्हिक्टर यानुकोविच, दुसऱ्या बाजूला युश्चेन्को. जुलैमध्ये युश्चेन्को आणि तिमोशेन्को यांचा समझोता झाला. राष्ट्राध्यक्ष युश्चेन्को, पंतप्रधान तिमोशेन्को. सप्टेंबरमध्ये युश्चेन्को यांच्यावर डायॉक्सिनचा विषप्रयोग झाला आणि त्यांचा चेहरा विद्रूप झाला. तरीही ते प्रचारात उतरले.

२१ नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत यानुकोविच विजयी झाल्याचं जाहीर झालं. मतमोजणीतल्या गैरप्रकारांविरुद्ध दुसऱ्याच दिवशी कीव्हच्या स्वातंत्र्य चौकात, मैदानात, माणसं जमू लागली. नारिंगी पट्ट्या आणि झेंडे घेऊन लाखो लोक हाडं गोठवणाऱ्या थंडीत दिवसरात्र तिथं राहिले. युश्चेन्को संयमानं बोलत, गर्दीत जोश भरायचं काम तिमोशेन्को करत. ३ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं निकाल रद्द केला. २६ डिसेंबरच्या फेरमतदानात युश्चेन्को जवळपास ५२ टक्के मतं घेऊन निवडून आले. गोळी न झाडता जनतेनं निवडणूक दुरुस्त करून घेतली होती.

या विजयाची एक किंमत मात्र मोजावी लागली. फेरमतदानाचा मार्ग मोकळा करताना ८ डिसेंबरला संसदेत राज्यघटनादुरुस्तीचा सौदा झाला. १९९६ च्या घटनेत पंतप्रधानाला नेमणं आणि काढणं मुख्यतः राष्ट्राध्यक्षाच्या हाती होतं. १ जानेवारी २००६ पासून हा अधिकार संसदेतल्या बहुमताच्या आघाडीकडे जाणार होता. परराष्ट्र धोरण आणि संरक्षण राष्ट्राध्यक्षाकडे, उरलेलं सरकार पंतप्रधानाकडे. दोघंही जनतेच्या पाठिंब्याचा दावा करणार, आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे नीट ठरलेलं नाही. पुढच्या पाच वर्षांतल्या भांडणांची पायाभरणी इथं झाली.

सात महिन्यांचं सरकार

४ फेब्रुवारी २००५ रोजी रादानं ३७३ मतांनी तिमोशेन्को यांच्या नियुक्तीवर शिक्कामोर्तब केलं. युक्रेनच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान. त्या वर्षी ‘फोर्ब्स’नं जगातल्या सामर्थ्यशाली स्त्रियांच्या यादीत त्यांना तिसरं स्थान दिलं.

सामाजिक खर्च वाढला. बाळंतपणासाठी मिळणारं सरकारी अनुदान अनेक पटींनी वाढवलं गेलं. पण किमती ताब्यात ठेवण्यासाठी सरकारनं इंधन आणि मांस यांच्या बाजारात हात घातला, आणि मे महिन्यात पेट्रोलपंपांवर टंचाई झाली. आधीच्या वर्षी १२ टक्क्यांनी वाढलेली अर्थव्यवस्था २००५ मध्ये जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास अडखळली.

सर्वांत मोठा वाद जुन्या खासगीकरणाचा होता. २००४ मध्ये क्रिवोरिझस्ताल हा देशातला सर्वांत मोठा पोलाद कारखाना रिनात अख्मेतोव्ह आणि व्हिक्टर पिंचुक या उद्योजकांना सुमारे ८० कोटी डॉलरला विकला गेला होता. पिंचुक हे कुचमा यांचे जावई. तिमोशेन्को सरकारनं ही विक्री मोडून काढली. ऑक्टोबर २००५ मध्ये टीव्हीवर थेट दाखवल्या गेलेल्या लिलावात तोच कारखाना ४.८ अब्ज डॉलरला गेला, म्हणजे सहापट किमतीला. विकत घेणारी कंपनी होती मित्तल स्टील. राजस्थानात जन्मलेले आणि कोलकात्यात शिकलेले लक्ष्मी मित्तल युक्रेनच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या खासगीकरणाचे खरेदीदार ठरले. आधीच्या राजवटीनं देशाची मालमत्ता कशी वाटली, याचा याहून स्पष्ट हिशेब दुसरा नव्हता.

लिलाव झाला तेव्हा मात्र तिमोशेन्को पंतप्रधान नव्हत्या. किती खासगीकरणं उलटवायची, यावर सरकारातच एकमत नव्हतं. उद्योजक आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे सचिव पेत्रो पोरोशेन्को यांच्याशी त्यांचं उघड वैर होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्षांच्या सचिवालयाच्या प्रमुखांनी भ्रष्टाचाराचे आरोप करत राजीनामा दिला आणि ८ सप्टेंबरला युश्चेन्को यांनी पोरोशेन्को आणि तिमोशेन्को या दोघांनाही घरी पाठवलं. मैदानात एकत्र उभे राहिलेले दोन नेते सात-आठ महिन्यांत एकमेकांचे विरोधक झाले, आणि नारिंगी क्रांतीचं सर्वांत मोठं नुकसान बाहेरच्या कोणी केलं नाही, ते या फुटीनं झालं. पुढं नारिंगी आघाडीतला समाजवादी पक्ष पलीकडे गेला आणि अकरा महिन्यांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, यानुकोविच पुन्हा पंतप्रधान झाले. ज्यांच्याविरुद्ध क्रांती झाली, तेच परत आले.

एका मताचं बहुमत आणि गॅसयुद्ध

सप्टेंबर २००७ च्या मुदतपूर्व निवडणुकीत तिमोशेन्को यांच्या गटाला जवळपास ३१ टक्के मतं मिळाली. डिसेंबरमध्ये त्या दुसऱ्यांदा पंतप्रधान झाल्या. सोव्हिएत बचत बँकेत बुडालेल्या ठेवींपोटी प्रत्येक खातेदाराला एक हजार ह्रिव्निया देण्याचं वचन त्यांनी लगेच अमलात आणायला सुरुवात केली आणि जानेवारी २००८ मध्ये बँकांपुढं म्हाताऱ्यांच्या रांगा लागल्या. कित्येकांसाठी तो न्याय होता. अर्थतज्ज्ञांना त्यात महागाईचं इंधन दिसलं. त्या वर्षी महागाई २० टक्क्यांच्या वर गेली. मे महिन्यात युक्रेन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला.

मग मंदी आली. पोलादाची मागणी आटली. डॉलरला पाच ह्रिव्नियाच्या आसपास असलेला दर आठच्या घरात गेला. नोव्हेंबर २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं १६.४ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. २००९ मध्ये देशाचं उत्पन्न सुमारे १५ टक्क्यांनी आक्रसलं. अशा वेळी राष्ट्राध्यक्ष सरकारचे निर्णय रोखत होते आणि पंतप्रधान राष्ट्राध्यक्षांवर तोफा डागत होत्या. ऑगस्ट २००८ मध्ये रशियानं जॉर्जियावर हल्ला केला, तेव्हा तिमोशेन्को पुरेशा स्पष्ट बोलल्या नाहीत, असं म्हणत युश्चेन्को यांच्या सचिवालयानं त्यांच्यावर थेट देशद्रोहाचा आरोप ठेवला.

१ जानेवारी २००९ ला रशियाच्या गॅझप्रोमनं युक्रेनचा गॅस तोडला. वाद थकबाकी आणि नव्या दराचा होता. त्या काळी युरोपला जाणारा सुमारे ८० टक्के रशियन गॅस युक्रेनच्या नळांतून जाई. ७ जानेवारीपर्यंत हा प्रवाहही पूर्ण थांबला. बल्गेरिया, स्लोव्हाकियासारख्या देशांत भर थंडीत कारखाने बंद पडले, घरं गारठली. जवळजवळ दोन आठवडे युरोपचे नेते मॉस्को आणि कीव्ह यांच्यात धावपळ करत होते.

शेवटी तिमोशेन्को मॉस्कोला गेल्या. व्लादिमिर पुतिन तेव्हा रशियाचे पंतप्रधान होते. १९ जानेवारीला दहा वर्षांचा करार झाला आणि दुसऱ्या दिवशी गॅस वाहू लागला. या करारात एक मोठी जमेची बाजू होती. रोसउक्रएनेर्गो ही स्वित्झर्लंडमध्ये नोंदलेली मधली कंपनी बाहेर पडली. तिची निम्मी मालकी गॅझप्रोमकडे होती आणि बाकीच्या मालकीत मुख्य हिस्सा दिमित्रो फिर्ताश या युक्रेनी उद्योजकाचा होता. दुसरी बाजू जड होती. २००८ मध्ये हजार घनमीटरला १७९.५ डॉलर मोजणाऱ्या युक्रेनला २००९ च्या पहिल्या तिमाहीत ३६० डॉलर द्यावे लागले. दर तेलाच्या किमतीला बांधला गेला आणि ठरलेल्या प्रमाणात गॅस घेतला नाही तरी पैसे भरण्याची अट आली. युरोप थंडीत कुडकुडत असताना, रिकाम्या तिजोरीनिशी, स्वतःच्याच राष्ट्राध्यक्षाच्या विरोधात उभं राहून त्यांनी हा करार केला. याहून चांगला करार होऊ शकला असता का, यावर युक्रेनमध्ये वर्षानुवर्षं वाद झाला.

साडेतीन टक्क्यांचा पराभव

२०१० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत समोर पुन्हा यानुकोविच होते. ७ फेब्रुवारीच्या दुसऱ्या फेरीत त्यांना ४८.९५ टक्के आणि तिमोशेन्को यांना ४५.४७ टक्के मतं पडली. मतपत्रिकेवर ‘कोणीही नको’ असाही पर्याय होता आणि तो ४.३६ टक्के मतदारांनी निवडला. म्हणजे दोघांनाही नाकारणारे लोक विजयाच्या फरकापेक्षा जास्त होते. युश्चेन्को यांनीही त्या फेरीत दोन्ही उमेदवारांना नाकारण्याचीच भूमिका घेतली होती.

३ मार्चला २४३ मतांनी अविश्वास ठराव मंजूर झाला. एप्रिलमध्ये यानुकोविच यांनी गॅसवर सवलत घेऊन क्रिमियातल्या रशियन नौदलतळाची मुदत २०४२ पर्यंत वाढवली. ऑक्टोबरमध्ये घटनात्मक न्यायालयानं २००४ ची घटनादुरुस्ती रद्द केली आणि पंतप्रधानाला काढण्याचा अधिकार पुन्हा राष्ट्राध्यक्षाकडे गेला. सत्ता एका हातात गोळा होत होती, आणि तिमोशेन्को यांच्याविरुद्धच्या चौकशांनी वेग घेतला.

करारासाठी कैद

जून २०११ मध्ये कीव्हच्या पेचेर्स्क न्यायालयात खटला उभा राहिला. मंत्रिमंडळाची मंजुरी न घेता सरकारी कंपनी नाफ्तोगाझला गॅस करार करायला लावला आणि दीड अब्ज ह्रिव्नियांचं नुकसान केलं, असा आरोप होता. अधिकाराच्या मर्यादा ओलांडल्याचं हे कलम सोव्हिएत काळातल्या कायद्याच्या वळणाचं होतं. पैसे स्वतःच्या खिशात घातले, असं या खटल्यात कोणी म्हटलं नव्हतं. तिमोशेन्को न्यायाधीश रोदिऑन किरेयेव्ह यांच्यासमोर उभं राहायला नकार देत. ५ ऑगस्टला न्यायालयाचा अवमान केल्याच्या कारणावरून त्यांना कोठडीत टाकलं गेलं. ११ ऑक्टोबरला निकाल लागला. सात वर्षं तुरुंगवास आणि नुकसानीची भरपाई. अमेरिका आणि युरोपीय संघानं निषेध केला. ज्यांच्याशी करार झाला होता त्या पुतिन यांनीही ही शिक्षा का झाली ते आपल्याला कळत नाही, असं म्हटलं.

डिसेंबरच्या अखेरीस त्यांना खारकीव्हच्या काचानिव्स्का महिला तुरुंगात हलवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या अनेक घरांना हे शहर नकाशावर शोधावं लागलं, कारण तिथं वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलं रशियन बॉम्बवर्षावात तळघरांत अडकली होती. दहा वर्षांपूर्वी युरोपचं लक्ष याच शहराकडे एका कैदी बाईंमुळं लागलं होतं. मणक्याच्या आजारानं त्या अंथरुणाला खिळल्या. बर्लिनहून डॉक्टर आले. एप्रिल २०१२ मध्ये बळजबरीनं हलवताना अंगावर वळ उठल्याचं सांगत त्यांनी उपोषण केलं. त्या उन्हाळ्यात युक्रेन आणि पोलंडमध्ये युरोपीय फुटबॉल स्पर्धा होती आणि अनेक युरोपीय नेत्यांनी युक्रेनमधल्या सामन्यांवर बहिष्कार टाकला.

३० एप्रिल २०१३ ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं खटल्याआधीची त्यांची कोठडी मनमानी होती आणि तिच्यामागं कायद्यात न बसणारे हेतू होते, असा निर्णय दिला. मूळ शिक्षा योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्या निकालात नव्हता. तरीही जगासमोर सरकार उघडं पडलं. युरोपीय संघाशी सहकार्य कराराची बोलणी सुरू होती आणि तिमोशेन्को यांची सुटका ही त्यातली मोठी अडचण बनली होती. २१ नोव्हेंबर २०१३ ला रादानं त्यांना उपचारासाठी परदेशी पाठवण्याची सगळी विधेयकं फेटाळली. त्याच दिवशी सरकारनं युरोपीय कराराची तयारी थांबवली. रात्री मैदानात पुन्हा माणसं जमली.

बदललेलं मैदान

तीन महिन्यांच्या त्या आंदोलनात शंभराच्या आसपास आंदोलकांनी प्राण गमावले. २२ फेब्रुवारी २०१४ ला यानुकोविच राजधानीतून निघून गेले होते. त्याच दिवशी रादानं तिमोशेन्को यांच्या सुटकेचा ठराव केला. संध्याकाळी त्या चाकांच्या खुर्चीतून थेट मैदानात आल्या आणि सगळ्या राजकारण्यांच्या वतीनं लोकांची माफी मागितली. काही डोळे पाणावले, पण २००४ चा जल्लोष झाला नाही. ज्यांनी आपले सोबती गमावले होते, त्यांना जुन्या नेत्यांपैकी कोणाच्याच हाती देश पुन्हा सोपवायचा नव्हता.

हे मतपेटीतही दिसलं. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं गॅस खटला बंद केला आणि त्या निर्दोष ठरल्या. मेमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं, तेव्हा २००५ मधले त्यांचे जुने वैरी पोरोशेन्को जवळपास ५५ टक्के मतांनी जिंकले. तिमोशेन्को यांना १३ टक्क्यांच्या आत समाधान मानावं लागलं. त्यांच्याच पक्षातून पंतप्रधान झालेले आर्सेनी यात्सेन्युक वेगळा पक्ष काढून निघून गेले. ऑक्टोबरच्या संसदीय निवडणुकीत यात्सेन्युक यांच्या पक्षाला २२ टक्के मतं मिळाली, बात्किव्श्चिनाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. २०१८ च्या शरदात त्या जनमत चाचण्यांत पुढं होत्या. पण २०१९ मध्ये टीव्ही मालिकेत राष्ट्राध्यक्षाची भूमिका केलेले व्होलोदिमिर झेलेन्स्की निवडणुकीत उतरले आणि तिमोशेन्को १३.४ टक्के मतांनी तिसऱ्या आल्या.

त्या गॅस कराराचं पुढं जे झालं, ते कोणाच्याच जुन्या युक्तिवादात बसत नाही. स्टॉकहोमच्या लवादानं २०१७ आणि २०१८ मध्ये निकाल दिले. गॅस घेतला नाही तरी पैसे भरण्याची अट लवादानं खूपच सौम्य केली. आणि वाहतुकीच्या करारातल्या ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी गॅस पाठवल्याबद्दल गॅझप्रोमला भरपाई द्यायला लावली. २००९ च्या कागदपत्रांच्या आधारे डिसेंबर २०१९ मध्ये रशियानं युक्रेनला २.९ अब्ज डॉलर मोजले. ज्या सह्यांसाठी पंतप्रधानांना तुरुंगात टाकलं होतं, त्याच वेळी झालेल्या सह्यांतून देशाला पैसा मिळाला. युक्रेननं रशियाकडून थेट गॅस घेणं त्याआधीच, नोव्हेंबर २०१५ मध्ये, थांबवलं होतं.

हिशेब

तिमोशेन्को यांच्याकडे पाहताना दोन गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्या लागतात. पहिली, त्यांच्यावरचा खटला अन्यायाचा होता. निवडून आलेल्या पंतप्रधानाच्या धोरणाचा निकाल मतदारांनी लावायचा असतो, हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला कोठडीत पाठवून नव्हे. दुसरी, ज्या व्यवस्थेनं त्यांना छळलं, तिच्या अंधाऱ्या वर्षांतच त्यांची संपत्ती उभी राहिली होती, आणि त्या संपत्तीबद्दल मतदारांच्या मनात असलेली शंका त्या कधी दूर करू शकल्या नाहीत. पहिल्या गोष्टीमुळं जग त्यांच्या बाजूनं उभं राहिलं. दुसरीमुळं देशानं त्यांना राष्ट्राध्यक्ष केलं नाही.

त्यांचं खरं योगदान २००० सालातलं आहे. वीज आणि गॅसच्या व्यवहारात रोख पैसा आणि उघड हिशेब आणण्याचं ते काम पंतप्रधानपदाच्या दोन्ही कारकिर्दींपेक्षा जास्त टिकलं. मोठी चूक मात्र युश्चेन्को यांच्याइतकीच त्यांचीही होती. क्रांतीनं दिलेली पाच वर्षं दोघांनी एकमेकांना अडवण्यात घालवली आणि त्यातून यानुकोविच यांना वाट मिळाली. त्या वाटेची किंमत युक्रेन आजही मोजतो आहे.

१ जानेवारी २०२५ ला वाहतुकीचा शेवटचा करार संपला आणि युक्रेनमार्गे युरोपला जाणारा रशियन गॅस बंद झाला. १७ जुलै २०२५ ला चेर्निहिव्हच्या युलिया स्विरिदेन्को पंतप्रधान झाल्या. या पदावरच्या त्या दुसऱ्या महिला. आणि पहिल्या महिला पंतप्रधान २०१९ मध्ये निवडलेल्या रादामध्ये बात्किव्श्चिनाच्या नेत्या म्हणून विरोधी बाकांवर आहेत. युद्धकाळातल्या लष्करी कायद्यामुळं निवडणुका घेता येत नाहीत, त्यामुळं त्यांच्याविषयीचा मतदारांचा पुढचा कौल युद्ध थांबल्यावरच लागेल.